हौसे, पल्ला केवढा?

हौसे, त्या सकाळी आपण ओसरीवर घेवडा निवडत बसलो होतो. म्हणजे निवडत तू होतीस. मी एक शेंग घेऊन ती उलटसुलट करत होतो आणि तू मधूनमधून ती माझ्या हातातनं काढून घेत होतीस. जीप पुसून झाली होती. चहा झाला होता. मग तू मांडीखाली दाबून ठेवलेले कागद काढलेस, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर चढवलास आणि पहिल्यापासनं वाचायला लागलीस.

एक म्हातारी घोडेगावात जीपमध्ये बसते. ड्रायव्हर विचारतो, आजी, कुठं उतरायचं? ती एका वाडीचं नाव सांगते. ड्रायव्हर पोरगेला आहे, त्याला ती वाडी ठाऊक नाही. तो बाकीच्यांना विचारतो. कुणी हसतं, कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी सांगत नाही. एकेक जण उतरत जातो. शेवटी जीपमध्ये ड्रायव्हर आणि म्हातारी दोघंच राहतात, आणि रस्ता सरळ धरणाच्या पाण्यात जातो. ड्रायव्हर ब्रेक दाबतो. म्हणतो, आजी, रस्ता संपला. आणि म्हातारी म्हणते, "थांबू नको. अजून पुढं हाय."

इथं त्या दिवसाचं पान संपलं. तू कागद परत मांडीखाली घातलेस आणि रोज विचारायचीस तेच विचारलंस.

"सांगा. पल्ला केवढा?"

"मोठा," मी म्हणालो. "लई मोठा. आत्ता कुठं म्हातारीनं तोंड उघडलं. पाण्याखाली अख्खी वाडी हाय हौसे! घरं हायेत, माणसं हायेत, त्यांची भांडणं हायेत. बुक व्हतंय हे, बुक!"

"झाली," तू म्हणालीस.

"काय झाली?"

"गोष्ट. झाली. इथंच संपली."

"अगं ती म्हातारी सवता म्हनती, अजून पुढं हाय!"

"म्हनू द्या की. म्हातारीचं ऐकून गोष्ट लांबवायची व्हय? उद्या ती म्हनंल, मला काशीला न्या."

मी असा तापलो! फाट्यावर जीपची शिटं ताटकळली असतील म्हणून उठलो, नाहीतर तिथंच तुला गप केली असती. जीपमध्ये बसता बसता म्हणालो, "सांजच्याला आल्यावर बघतो तुझ्याकडं."

"या की. मी कुठं जातीय?"

दुपारी तू जरा टेकलीस ती उठली नाहीस. मी जुन्नरच्या स्टँडवर होतो. त्या दुपारचं बाकी मी इथं लिहीत नाही. येईल त्याला ते सांगून माझं तोंड दमलंय आणि ऐकणाऱ्यांचे कानही दमलेत. मला भांडणाचं बोलायचंय. भांडण अर्धं टाकून जायची आपली रीत नव्हती. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. लोकांना काय जातंय! ते काय तुझ्याबरोबर राहिलेत?

आणि हे भांडण नुसतं तोंडाचं नाही. फाट्यावरचा कांतीशेठ ती गोष्ट मागतोय. लोकांना कांतीशेठ कापडवाला म्हणून ठाऊक आहे. आजोबा मारवाडातनं आले, हा जुन्नरात जन्मला, आणि मराठी बोलतो माझ्यापेक्षा चोख. त्याचा मेव्हणा पुण्यात दिवाळी अंक काढतो. तुझ्या दोन-तीन गोष्टी त्याच अंकात आल्या होत्या. ही म्हातारीची गोष्ट यंदासाठी तू शेठला कबूल केली होतीस. आता प्रश्न एवढाच, की गोष्टीच्या खाली 'अपूर्ण' असं छापायचं की नाही. तू म्हणतेस झाली. मी म्हणतो अर्धी. आणि तुझ्या नावाखाली चुकीचं छापलेलं मला चालायचं नाही, मग ते माझ्या बाजूनं चुकीचं असो नाहीतर तुझ्या.

तुझी रीत एकदा सगळ्यांना सांगितली पाहिजे. लोकांना वाटतं बाई उठली, सुचलं आणि लिहिलं. तसं कुठं होतं? आपल्या पोरीचं, मंगलचं लग्न झालं, घर रिकामं झालं, आणि तू शेठच्या दुकानातनं जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद आणलेस. म्हटलं, काय करतेस? म्हणालीस, "हात बसवतीय." तू सातवी शिकलेली, बालवाडीत पोरांना गोष्टी सांगणारी. मी चौथीतनं पळालेला. मला वाटलं, बसव बाई, चार दिवसाची हौस.

कसले चार दिवस! रोज सकाळी एक पान. सणाला पान, सुतकात पान, अंगात ताप असताना पान. कुणीतरी माणूस कुठंतरी काहीतरी करतोय तिथनं धरायचं, आणि पान भरलं की पेन खाली. मग आपण दोघांनी बोलायचं, ही गोष्ट केवढी. दुसऱ्या पानावर मिटणारी, का आठवडाभर चालणारी, का वर्षभर उरावर बसणारी. आधी बोलायचं, मग तू लिहायला घ्यायचीस, रोज एक पान, आणि बघायचं कोण बरोबर निघतंय. गोष्ट चांगली का वाईट हे आपण कधी काढलंच नाही. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आपलं एकच होतं, केवढी?

पहिला मार मी खाल्ला. कुदळीच्या गोष्टीत. एक माणूस शेजाऱ्याकडनं आणलेली कुदळ परत द्यायला निघतो, एवढंच तुझं पान. मी हसलो. म्हटलं, "दारात जाईल, कुदळ दील, चहा घील, घरी यील. उद्या संपली." तू म्हणालीस, "बघू." दुसऱ्या दिवशी तो माणूस दारात गेला, आणि शेजारी कुदळ हातात घेऊन म्हणतो, "ही माझी न्हाई."

हाय का आता! मग कुणाची? आणि ह्याच्या घरात आली कशी? दिवाळीला उचललेली ती कुदळ होळीपर्यंत खाली ठेवली नाहीस तू. मी सकाळी जीप अर्धी पुसून आत पळायचो. "अगं, कुणाची निघाली?" तू म्हणायचीस, "मलाच कुठं ठाऊक हाय? पान भरू द्या." आणि मी आपला फडकं हातात घेऊन उभा. असल्या सकाळी कुणाच्या नशिबात असतात, हौसे? आमच्या धंद्यातले बाकीचे उठले की पहिलं टायरला लाथ घालून हवा बघायचे. मी कुदळ बघायचो!

जीपमध्येही तीच बडबड. मागं शिटं बसलेली असायची. आम्ही जीपवाले माणसाला शीटच म्हणतो, तू त्यावरनं मला किती टोचलंस! मी गाडी चालवता चालवता सांगायचो, आज कुदळ कुठवर आली. एका पावण्यांना आळ्याला उतरायचं होतं, ते ऐकत ऐकत राजुरीला गेले. उतरून म्हणतात कसे, "राव, आता तुमच्या बायकूला सांगा, मला घरी सोडायला या." मी घरी येऊन तुला सांगितलं तर तू हसली नाहीस. तू विचारलंस, "कुठल्या जागेला त्यांना उतरायचं ध्यानात राह्यलं न्हाई?" नीट विचारून घेतलंस आणि कागदावर त्या जागी रेघ मारलीस. मला तेव्हा कळलं, ही बाई गंमत करत नाही.

तूही हरायचीस हां. ते द्राक्षवाल्या घराण्याचं आठव. आजा, बाप, भाऊ, जावा, नणंदा, दिवाणजी, सगळे पहिल्याच पानावर. तू म्हणालीस, ही दोन वर्षं पुरंल. मी म्हटलं, "हौसे, एवढी शिटं भरलीस, पण कोण कुठं उतरणार ते एकाला तरी ठाऊक हाय का?" तू मला दुसरा चहा दिला नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "मेली." आणि त्या घराण्यावर लसूण वाळत घातलास.

पण हरल्यावर तू जे म्हणालीस ते मी विसरलो नाही. म्हणालीस, "माणसं किती हायेत त्यावर गोष्ट ठरत न्हाई. माणसाला काय पायजे ते बघायचं. आन् ते त्याला घावल्यावर गोष्ट संपती का तिथनं सुरू व्हती, ते बघायचं. कुदळवाल्याला कुदळ द्यायची व्हती. ती कुणी घेतच न्हाई म्हटल्यावर तो काय करंल? आन् ह्या घराण्यात कुणालाच काय नको व्हतं. नुसती बसल्याली."

मी मान हलवली. तू म्हणालीस, "कळलं का?" मी म्हटलं, "न्हाई, पन बरोबर वाटतंय."

आणि ते पल्ल्याचं! ते आठवलं की मला अजून घाम फुटतो आणि हसूही येतं. लिहितानाही येतंय बघ.

पहिले कितीतरी महिने आपण रोज म्हणायचो, पल्ला मोठा, पल्ला लहान, आणि रोज भांडायचो. मला वाटायचं हिला अक्कल नाही. तुला वाटायचं ह्याला अक्कल नाही. मुंबईला पळून जाणाऱ्या ट्रकवाल्याची गोष्ट तू धरलीस. मी म्हटलं, पल्ला केवढा मोठा! तू म्हणालीस, "कुठला! पायलीभर न्हाई." मग ती जावांची गोष्ट आली. दोन जावा एका ओट्यावर मटार सोलत बसल्यात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. पान संपलं तरी सोलतच होत्या. तुझे डोळे असे चमकत होते! म्हणालीस, "अवो, पल्ला भरंल हा, पल्ला!"

मी म्हटलं, "डोकं फिरलं का तुझं? त्या बाया वट्यावरनं उठल्यासुदिक न्हाईत. पल्ला कसला? कुठं गेल्या त्या?"

"कुठं जायाच्यात?"

"मंग पल्ला कसा म्हनतीस?"

"जायाचा काय संबंध? आत किती भरलंय ते बघा की!"

"आत? आत कशात?"

मग तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. तुझा बाप जुन्नरच्या बाजारात मापाडी. 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून मोजायला सुरुवात करणारा, पायल्यांवर पायल्या ओतत पल्ला भरणारा माणूस. तुझ्या डोक्यात पल्ला म्हणजे धान्याचं माप. आणि मी ड्रायव्हर! माझ्या डोक्यात पल्ला म्हणजे लांबचा पल्ला, आळ्याहून मुंबई. एवढे महिने मी विचारत होतो गोष्ट किती लांब जाते, आणि तू सांगत होतीस तिच्यात किती मावतं. आणि दोघंही छातीठोक!

तू हसत हसत भिंतीला टेकलीस. डोळे पुसत म्हणालीस, "आईच्यान्, ह्या माणसासंगं मी येवढे दिस बोलत व्हते का भांडत व्हते?" मी म्हटलं, "दोन्ही येकच हाय आपल्यात."

त्यानंतर तू मला शीग समजावलीस. पायली भरली की वर धान्याचा डोंगर येतो, ती शीग. तू म्हणालीस, "शीग आली की आमचे आबा हात आखडायचे. वर आनिक टाकलं तर ते मापात जात न्हाई, खाली सांडतं. बगनाऱ्याला वाटतं शेठला जास्ती दिलं. दिलेलं नसतं." मी म्हटलं, आमच्यात तसं नाही. रस्ता आहे तोवर गाडी जाते, रस्ता संपला की थांबते. तू म्हणालीस, "मंग तुमच्या गोष्टी डांबर संपल्यावर संपनार." मी जीपची किल्ली घेऊन उठलो. पण मी मान्य केलं असं समजू नकोस.

ह्यात आणखी एक भांडण आहे ते तसंच राहिलं. मी म्हणायचो, रोज नवं पान, सारखी नवी गोष्ट, आणि पुऱ्या केलेल्या बोटावर मोजण्याएवढ्या. लोक रोप टाकतात ते कांदा काढायला. तू नुसती रोपंच टाकत बसलीस. तू म्हणायचीस, "रोप बगून कळतं का तुमाला, कांदा केवढा व्हनार?" मी म्हणायचो, कुणालाच कळत नाही. "मंग मला कळायला पायजे," तू म्हणायचीस. "त्याच्यासाठीच टाकते." मला ते पटायचं नाही. वाटायचं, एकच मोठी धरावी आणि तडीला न्यावी. लोकांनी नाव घ्यावं. तुला नावाचं काही नव्हतंच. पान भरलं, अंदाज बरोबर निघाला, की तू दिवसभर गुणगुणायचीस. बालवाडीच्या बायका मला विचारायच्या, आज बाईंना काय लॉटरी लागली? मी काय सांगणार? सांगणार, की तिनं काल म्हटलं होतं ही गोष्ट चार पानाची आणि ती चार पानाची निघाली?

आता म्हातारीच्या गोष्टीकडं येतो.

आपण तळेघरला गेलो होतो. तुझ्या मावशीकडं, नाचणी आणायला. जीप जिथवर जाते तिथवर नेली आणि पुढं पायी चाललो. खाचरांत भात पोटरीला आलेला, बांधावरनं चालताना तू दोनदा घसरलीस आणि दोन्ही वेळा मलाच शिव्या दिल्यास. मावशीनं नाचणीची भाकरी घातली, हिरडा दिला. येताना धरणाच्या कडेला तू म्हणालीस, जरा थांबवा. मी थांबवलं. तू उतरून पाण्याकडं बघत बसलीस. मी हॉर्न वाजवला. वाजवला की! मला परत येताना शिटं घ्यायची होती.

"काय बघतीस? पानी तर हाय."

"व्हय."

"मंग?"

"मावशी म्हनत व्हती, हिथली एक बाई अजून घोडेगावच्या बाजारात विचारल्यावर गावाचं नाव बुडाल्यालं त्येच सांगती. आता जिथं ऱ्हाती त्ये न्हाई सांगत."

मी म्हटलं, बस गाडीत. तू बसलीस. आळ्याला पोचेपर्यंत बोलली नाहीस. मला वाटलं हॉर्नचा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पान आलं, म्हातारी जीपमध्ये बसली. त्या जीपचा ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतो हे माझ्या ध्यानात आलंय, हौसे. मी त्यावर काही बोललो नाही एवढंच.

तू त्या गोष्टीला इतकी जपत लिहीत होतीस! एका पानावर नुसतं एक शीट उतरलं. दुसऱ्या पानावर आणखी एक. मी म्हणायचो, चल की पुढं. तू म्हणायचीस, गाडी तुमी चालवताय का मी? आणि मग ती शेवटची सकाळ, घेवडा, आणि तुझं ते, "झाली."

मला कसं पटावं? मला ती वाडी बघायची होती. तू दाखवशील म्हणून मी बसलो होतो. आणि खरं सांगू का, तू गेल्यावर मला ते जास्तच पायजे झालं. गोष्ट अर्धी असली तर तुझं काही अजून बाकी आहे. झाली म्हटलं, तर झालंच की सगळं.

दहाव्याला ओढ्यावर गेलो. सगळे जमले. पिंड ठेवला. तुला ठाऊक आहे, अशा वेळी कावळा लवकर शिवत नाही, मग लोक विचारत बसतात, काय राहिलं, कशात जीव गुंतला. मी तयारीनं गेलो होतो. मनात म्हटलं, कावळा येणार नाही, मग मी सगळ्यांच्या देखत सांगणार, हिची गोष्ट अर्धी राहिलीय, ती मी पुरी करतो. मी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

आणि कावळ्यानं काय करावं? पिंड खाली ठेवतोय तोवर आला! माणसं मागं सरायच्या आधी. झडप घातली आणि भातासकट गेला.

सगळे खूष. तुझा भाऊ म्हणाला, "ताई लई समाधानानं गेली. काय म्हनता काय ठिवलं न्हाई मागं." बाया डोळे पुसत म्हणाल्या, पुण्यवान बाई. आणि माझं टाळकं असं सरकलं! मी ओरडलो, "काय ठिवलं न्हाई कसं? घरात गोष्ट अर्धी पडलीय! त्या कावळ्याला काय कळतंय?"

मंगल आली, माझा हात धरला. म्हणाली, "आण्णा, कावळ्याशी नका भांडू." तुझा भाऊ दुसरीकडं तोंड करून हसत होता, मी बघितलं. तू असतीस तर तूही हसली असतीस. मोठ्यानं.

संध्याकाळी कांतीशेठ घरी आला. टोपी काढून बसला. तुझी पानं त्यानं नीट वाचली, सावकाश, आणि कागद सारखे करून ठेवले. मग म्हणाला, "भाऊ, वहिनींची ही सगळ्यात चांगली आहे."

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला बघ. चांगली. तू असताना माझ्या तोंडून कधी आला नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तर मला वाटलं, ह्याला काय अधिकार!

"अर्धी हाय," मी म्हणालो.

"मला तर पुरी वाटते."

"शेठ, कापड तुमी फाडता, तिथं मी बोलतो का?"

"नका रागावू. मेव्हण्याला मी परवा पाठवणार. तुम्ही म्हणाल तर खाली 'अपूर्ण' लिहितो. तुम्ही म्हणाल तसं. पण उद्या सांगा."

"लिहा अपूर्ण," मी म्हणालो. "उद्या कशाला, आत्ताच लिहा."

शेठनं पेन काढलं नाही. म्हणाला, "उद्या सांगा, भाऊ," आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. जीप पुसली नाही. तुझ्या जागेवर बसलो, तुझं पेन घेतलं, तुझी पानं समोर ठेवली. म्हटलं, आता दाखवतो तुला. पुढं कसं हाय ते दाखवतो.

आणि लिहिलं की! म्हातारीला जीपमधनं खाली उतरवलं. पाण्याच्या कडेला उभी केली. तिला बोट करायला लावलं. हे पाटलाचं घर, ही चिंच, हे देऊळ, इथं माझी सासू मला भाकरीवरनं बोलली, इथं माझं पहिलं पोर रांगलं. हात दुखेपर्यंत लिहिलं. पान भरलं. मला असा आनंद झाला! म्हटलं, हौसे, कुठं होती ही वाडी? होती का नव्हती? मी काढली का नाही वर?

मग पहिल्यापासनं मोठ्यानं वाचायला लागलो. तुझी पानं, मग माझं. तुझं वाचताना शिटं उतरत गेली, रस्ता पाण्यापाशी आला, म्हातारी म्हणाली अजून पुढं हाय, आणि मला पाण्याखालचं सगळं दिसलं. घरं दिसली, दारातली जोती दिसली, कुणाच्या तरी ओट्यावरचं उखळ दिसलं. मी ते उखळ लिहिलेलंच नव्हतं! मग माझं पान सुरू झालं. हे पाटलाचं घर, ही चिंच. आणि दिसायचं थांबलं. नुसतं पाणी राहिलं आणि त्याच्याकडं बोट करून मी बोलत होतो. म्हातारी नाही, मीच.

मान वर केली तर मंगल दारात चहा घेऊन उभी.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं."

"आईचं कुठं संपलं ते कळलं का तुला?"

"कळलं."

"कशावरनं? मी तर सलग वाचलं."

मंगल म्हणाली, "आण्णा, आईचं चाललं व्हतं तवर मी चहा हातात धरून उभी व्हते. तुमचं चालू झालं आन् मी साखर ढवळायला लागले."

मी एवढ्या मोठ्यानं हसलो हौसे, की शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांना वाटलं म्हातारा गेला कामातनं. त्यांना काय सांगू, की माझी बायको जिंकली म्हणून!

माझं पान दुमडून चुलीत घातलं. तुझी पानं घेतली आणि जीप काढून फाट्यावर गेलो. शेठचं दुकान अजून उघडायचं होतं. पायरीवर बसलो. शेठ आला, कुलूप काढता काढता माझ्याकडं बघत राहिला.

"शेठ, खाली काय छापू नका. अपूर्ण न्हाई, पूर्ण न्हाई. कायच न्हाई. जिथं थांबती तिथं थांबू द्या."

"मग काल एवढे भांडलात कशाला?"

"सवय," मी म्हणालो. "आन् मला कागद द्या."

"कागद? कुणाला?"

"मला. हौसाचं लिवायचंय."

शेठ आत गेला, कॅलेंडरची जुनी पानं काढली, मोजायला लागला आणि थांबला. "किती देऊ? केवढं आहे?"

"त्येच तर ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "द्या आधी थोडे."

त्यानं हाताला आले तेवढे दिले. मी तिथंच पायरीवर बसलो आणि धरलं. जुन्नरचा बाजार, तुझा बाप लाभ म्हणून ओरडतोय, आणि त्याच्या मागं गोण्यांच्या थप्पीवर एक परकरी पोर बसलीय, पाय हलवत. शेठची गिऱ्हाइकं यायला लागली. बाया म्हणायला लागल्या, "पावणं, जरा सरा की, आमाला जाऊ द्या." मी सरलो, आणखी सरलो, पायरीच्या टोकाला गेलो. ऊन अंगावर आलं. शेठनं दिलेले सगळे कागद संपले, हौसे, आणि आपलं अजून लग्नसुद्धा लागलं नव्हतं.